निवळ थेंब, साका आणि कधीतरी स्फटिक

प्रथिनाच्या एकट्या रेणूवर क्ष-किरण टाकले तर हाती काही लागत नाही. त्याच्याकडून विखुरणारा किरण इतका क्षीण असतो की मोजताच येत नाही. तेच रेणू प्रचंड संख्येने एका शिस्तीत उभे राहिले, की एकाचा किरण दुसऱ्याच्या किरणाला बळ देतो, डिटेक्टरवर ठिपक्यांची नक्षी उमटते आणि त्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून, बरीच गणितं केल्यावर, कोणता अणू कुठे बसला आहे ते काढता येतं. स्फटिक हवा तो एवढ्यासाठी. अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइमचा एक दशांश मिलिमीटर बाजूचा स्फटिक घेतला तर त्यात साधारण ३० लाख कोटी रेणू असतात. ते रांगेत का उभे राहतात हे शास्त्राला बऱ्यापैकी ठाऊक आहे. अमुक प्रथिनाचे रेणू कोणत्या द्रावणात उभे राहतील हे मात्र आधी सांगता येत नाही, आणि माझी नोकरी या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालते.

प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना जे सांगत आले ते इथे क्रमांक घालून लिहिते आहे. क्रमांक सोयीचे आहेत. महत्त्वाप्रमाणे लावायचं तर तिसरा मुद्दा सगळ्यांच्या आधी येईल.

१. सुरुवात लायसोझाइमपासून करा, तुम्ही कितीही हुशार असलात तरी.

अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलीनच्याही आधी, १९२२ मध्ये, हे एन्झाइम शोधलं. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी त्याची रचना उलगडली, आणि एखादं एन्झाइम अणूअणूने कसं रचलेलं असतं हे पहिल्यांदा दिसलं. आज ते बाटलीत पावडर म्हणून विकत मिळतं. साडेचारच्या आसपास पीएच असलेल्या सोडियम अ‍ॅसिटेट बफरमध्ये मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम विरघळवायचं आणि त्यात मिठाचं द्रावण मिसळायचं. मीठ म्हणजे साधं सोडियम क्लोराइड. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पैलूदार स्फटिक दिसतात.

नव्या मुलांना हे पोरखेळ वाटतं. मग मी त्यांना एकाच प्लेटमध्ये मीठ चढत्या क्रमाने ठेवायला लावते. कमी मिठाच्या थेंबात काहीच होत नाही. पुढच्या दोनतीन थेंबांत मोजके, मोठे स्फटिक येतात. त्यापुढे शेकडो बारीक, रव्यासारखे. आणि शेवटी नुसता पांढरा साका. या एका ओळीत सगळं शास्त्र मांडलेलं आहे. द्रावणात मावेल त्याहून जास्त प्रथिन झालं की ते बाहेर पडायला बघतं. थोडंसंच जास्त असेल तर आधीपासून असलेला स्फटिक वाढतो, पण नवा जन्मत नाही. बरंच जास्त असेल तर नवे जन्मतात, आणि इतके जन्मतात की कुणालाच पुरेसं खायला मिळत नाही. त्याहून जास्त झालं तर रेणूंना रांग धरायची सवडच राहत नाही, ते जमेल तसे एकमेकांना चिकटतात. जन्माला लागणारी परिस्थिती आणि वाढीला लागणारी परिस्थिती वेगळी, हीच या कामातली मुख्य अडचण. पुढच्या सगळ्या युक्त्या तिच्यावरच्या आहेत.

२. थेंब टांगण्याची रीत समजून घ्या, नुसती पाठ करू नका.

सिलिकॉनचा लेप दिलेल्या काचेच्या चकतीवर एक मायक्रोलिटर प्रथिन आणि एक मायक्रोलिटर प्लेटच्या विहिरीतलं, म्हणजे खळग्यातलं, द्रावण घ्यायचं, चकती उलटी करून त्या विहिरीवर बसवायची आणि कडेच्या ग्रीसने हवाबंद करायची. विहिरीत अर्धा मिलिलिटर द्रावण असतं. थेंबातलं मीठ किंवा पेग (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) विहिरीतल्याच्या निम्मं झालेलं असतं, म्हणून थेंबातलं पाणी वाफेच्या रूपाने हळूहळू विहिरीकडे जातं आणि थेंब आटत जाऊन सुमारे निम्मा होतो. म्हणजे पहिल्या मुद्द्यातल्या चढत्या मिठाच्या ओळीवर तो स्वतःच संथपणे पुढे सरकतो. ग्रीसमध्ये केसाएवढी फट राहिली तरी आठवड्यात थेंब सुकून पापडी होते. बाकी हाताची सवय आहे, ती होते.

३. प्रथिनाची चौकशी थेंब लावण्याआधी पुरी करा.

जेलवर एकच पट्टी दिसली की मुलं म्हणतात, "मॅडम, शुद्ध आहे." वजनाने एकसारखं आहे, इतकंच ती पट्टी सांगते. रेणू एकेकटे आहेत की जोडीने, की काही जोडीने आणि काही गठ्ठ्याने, काही नीट घडी पडलेले आणि काही अर्धवट, हे पट्टीला कळत नाही. स्फटिकाला मात्र कळतं. त्यामुळे शेवटचं शुद्धीकरण आकारानुसार वेगळं करणाऱ्या कॉलमवर करा, त्यातलं उंच शिखर मधोमध कापून घ्या, शेपटीचा मोह सोडा. प्रकाशाच्या विखुरण्यावरून रेणूंचे आकार मोजणारं यंत्र जवळपास असेल तर मान वाकवून वेळ मागून घ्या. प्रथिन शक्यतो ताजं वापरा. गोठवायचंच असेल तर छोट्या भागांत, एकदाच वितळेल अशा बेताने.

शुद्धतेबाबत एक गोष्ट आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. एशेरिशिया कोलाय या जिवाणूत बाहेरचं पटल-प्रथिन बनवून घेताना त्याच जिवाणूचं एसीआरबी नावाचं प्रथिन निकेलच्या कॉलमला चिकटून सोबत येतं. ते जेमतेम चिमूटभर असतं, पण स्फटिक होण्याची त्याला फार हौस. अनेक प्रयोगशाळांनी आपलं प्रथिन समजून त्याचे स्फटिक आनंदाने वाढवले, क्ष-किरणांखाली नेले आणि रचना काढायला बसल्यावर खरा प्रकार उघड झाला. म्हणून स्फटिक मिळाला की त्यातला एखादा धुऊन, विरघळवून, पुन्हा जेलवर चालवा.

याच्या उलट काळही होता. तेव्हा स्फटिक हीच शुद्धीकरणाची पद्धत होती. जेम्स समनर अमेरिकेत कॉर्नेलला होते. तरुणपणी शिकारीतल्या अपघातात डावा हात गमावलेला आणि ते मुळात डावखुरे. १९१७ पासून ते जॅक बीनच्या पिठातून युरिएझ हे एन्झाइम वेगळं करण्यामागे लागले. जॅक बीन म्हणजे आपल्याकडच्या अबईच्या शेंगेची जवळची नातलग. पिठात अ‍ॅसिटोन मिसळलेलं पाणी घालून, गाळून, थंडीत ठेवल्यावर १९२६ मध्ये त्यांना बारीक स्फटिक दिसले. एन्झाइम हे प्रथिन असतं असं त्यांनी जाहीर केलं, तेव्हा जर्मनीतल्या रिचर्ड विलश्टेटर यांच्या पंथाने ते मानलं नाही. पुढे जॉन नॉर्थ्रॉपने १९३० मध्ये पेप्सिनचे स्फटिक वाढवले आणि वाद मिटत गेला. १९४६ चं रसायनशास्त्राचं नोबेल समनर, नॉर्थ्रॉप आणि वेंडेल स्टॅन्ली यांना मिळालं. गंमत पुढेच आहे. जॅक बीनच्या या युरिएझची अणूंपर्यंतची रचना प्रसिद्ध झाली ती २०१० मध्ये, आणि ती काढली मद्रास विद्यापीठातल्या संशोधकांनी. ज्या एन्झाइमचे स्फटिक सगळ्यांत आधी मिळाले त्याची रचना यायला आठ दशकांहून अधिक काळ गेला. स्फटिक मिळाला म्हणजे काम झालं, असं कुणी म्हणालं की मी हीच हकिकत सांगते.

४. प्रथिन ऐकत नसेल तर प्रथिन बदला.

प्रथिनाच्या टोकांना कधीकधी लोंबणाऱ्या शेपट्या असतात. त्या सतत हलतात, त्यामुळे शेजाऱ्याशी नीट संपर्क होत नाही. त्या कापा. कुठे कापायच्या हे कळत नसेल तर ट्रिप्सिनसारखं प्रथिन-तोडं एन्झाइम अगदी थोडं घालून बघा. जो भाग तुटून न जाता टिकतो, तोच घट्ट गाभा. पृष्ठभागावरच्या लायसीन आणि ग्लुटामेट यांच्या लांब, वळवळत्या बाजूसाखळ्यांच्या जागी अ‍ॅलानीन आणणं हीसुद्धा चालणारी युक्ती आहे.

आणि दुसऱ्या जिवाकडून तेच प्रथिन घ्यायला लाजू नका. जॉन केंड्रूने मायोग्लोबिनसाठी स्पर्म व्हेल निवडला, कारण त्याच्या स्नायूंत ते भरपूर असतं आणि त्याचे स्फटिक मोठे येतात. आडा योनाथ रायबोसोमच्या मागे लागल्या तेव्हा इतका अवाढव्य आणि नाजूक यंत्रगाडा रांगेत उभा राहील यावर फार थोड्यांचा विश्वास होता. त्यांनी उष्ण जागी राहणारा जिवाणू घेतला, नंतर मृत समुद्रातल्या खारट पाण्यातला जीव घेतला. अशा ठिकाणी जगणाऱ्यांची यंत्रं मुळातच दणकट असतात, हा त्यामागचा हिशेब. १९८० मध्ये त्यांना पहिले बारीक स्फटिक मिळाले, रचना यायला आणखी वीस वर्षं लागली. २००९ चं नोबेल त्यांच्यासोबत टॉमस स्टाइट्झ आणि वेंकी रामकृष्णन यांना मिळालं. रामकृष्णन यांचं शिक्षण सयाजीराव महाराजांच्या नावाच्या बडोद्याच्या विद्यापीठात झालेलं, तेव्हा आपल्याकडेही त्या दिवशी थोडे पेढे वाटले गेले.

५. दोन स्क्रीन पुरे.

१९९१ मध्ये यार्मिला यांचारिक आणि सुंग-हौ किम यांनी ५० द्रावणांचा एक संच, म्हणजेच स्क्रीन, मांडला. त्याआधी ज्या-ज्या परिस्थितीत कुणाचे तरी स्फटिक आले होते, त्यांतून वेचून काढलेली ती यादी होती. पीएच, क्षार आणि पेग किंवा अमोनियम सल्फेटसारखा साका पाडणारा पदार्थ यांची विखुरलेली मिश्रणं. आज असे संच तयार मिळतात, एका प्लेटमध्ये ९६, आणि यंत्रमानव शंभर नॅनोलिटरचे थेंब काही मिनिटांत टाकतो. सोय वाढली तशी एक वाईट खोडही लागली. पहिल्या दोन संचांत काही आलं नाही की तिसरा, चौथा, सहावा.

माझं मत स्पष्ट आहे. साधारण दोनशे वेगवेगळ्या द्रावणांत जे प्रथिन जराही आशा दाखवत नाही, त्याला पुढची आठशे दाखवण्यापेक्षा तिसऱ्या आणि चौथ्या मुद्द्याकडे परत जावं. संच बघताना आधी निवळ आणि साकलेले थेंब मोजा. जवळपास सगळे निवळ असतील तर प्रथिन पातळ आहे. जवळपास सगळ्यांत साका असेल तर घट्ट झालंय. निम्मे-निम्मे असतील तर बेत जमला आहे, आता वाट बघा.

६. बघायला शिका.

रोज दहा वेळा प्लेट काढून बघणारी मुलं असतात. सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याने थेंब तापतो, हलवण्याने ढवळला जातो. दुसऱ्या दिवशी बघा, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने, मग महिन्याने. महिन्याचं बघणं टाळू नका, उशिरा येणारे स्फटिकही असतात.

साक्यातही फरक असतो. तपकिरी, गाठी-गाठींचा, कातडीसारखा साका म्हणजे प्रथिन बिघडलं. बारीक, पांढरट, फोकस फिरवताना लुकलुकणारा साका आशेचा असतो. त्यात डोळ्याला न दिसणारे स्फटिक असू शकतात. तेलाच्या थेंबांसारखे गोल दिसले तर प्रथिन वेगळ्या द्रवात फुटून निघालं आहे, जवळपास तापमान किंवा पीएच बदलून बघा. सुयांचे गुच्छ, पातळ पत्रे, साळिंदरासारखे गोळे दिसले तरी आनंद माना, तिथून रस्ता निघतो.

सगळ्यांत जास्त फसवतात ते मिठाचे स्फटिक. बफरमध्ये फॉस्फेट आणि द्रावणात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असेल तर हमखास येतात आणि दिसायला देखणे असतात. "मॅडम, आला!" अशी हाक आली की मी आधी द्रावणाची यादी बघते. ओळखायचं कसं? स्फटिक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खडीसाखर येते; प्रथिनाचा स्फटिक खरवसाच्या जवळचा. त्याच्या आकारमानातला साधारण अर्धा भाग पाणीच असतं. सुई लावली की तो मऊपणे कोसळतो, मिठाचा कट्‌कन तुटतो. त्याच पाण्याच्या वाटांमधून मेथिलीन ब्लूचा रंग आत शिरतो आणि प्रथिनाचा स्फटिक भोवतालच्या द्रावणापेक्षाही गडद निळा होतो, मिठाचा कोरा राहतो. पोलरायझर फिरवून बघताना एक लक्षात ठेवा, प्लॅस्टिकची प्लेट स्वतःच रंग दाखवते, त्यामुळे ही परीक्षा काचेवरच घ्या. आणि घनाकृती रचनेचा स्फटिक पोलरायझरखाली काळाच राहतो, म्हणून घाईने तो फेकू नका.

७. तापमान सांभाळा.

हा मुद्दा पाठ्यपुस्तकांत एका ओळीत असतो. आपल्याकडे त्याला पानभर जागा हवी. एका संस्थेत दिवाळीच्या सुट्टीत वीज गेली. जनरेटर होता, पण २० अंशांची पेटी जनरेटरच्या लाइनवर घेतलीच नव्हती. त्यासाठीचा अर्ज वर्षभर कुठल्या तरी टेबलावर पडून होता. सुट्टीनंतर उघडलं तर ज्या थेंबांत स्फटिक होते ते निवळ झालेले. काहींत नंतर पुन्हा आले, ते बारीक आणि एकमेकांत अडकलेले. तेव्हापासून महत्त्वाच्या थेंबांची जुळी प्लेट मी कायम चार अंशांच्या खोलीत ठेवते. काही प्रथिनं तिथेच जास्त खूश असतात, हे बोनस. पेटी कॉम्प्रेसरवर थडथडणारी नको, आणि तिच्यावर सेंट्रीफ्यूज तर मुळीच नको.

८. जन्म एका थेंबात, वाढ दुसऱ्या थेंबात होऊ द्या.

पहिल्या मुद्द्यातल्या अडचणीवर मला सापडलेला सगळ्यांत भरवशाचा उपाय हा. एका थेंबात वाईट, गुच्छासारखे स्फटिक आले की ते विहिरीतल्या द्रावणात घेऊन, बारीक मणी घालून, जोरात हलवून चुरा करायचा. मग तो दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करायचा. दुसऱ्या प्लेटमध्ये प्रथिन थोडं कमी ठेवून असे थेंब लावायचे जिथे आपणहून काही जन्मणार नाही. त्यांत या चुऱ्याचा अंश सोडायचा. जन्माचा प्रश्न सुटलेला असतो, उरते ती सावकाश वाढ. किती स्फटिक येतील हे चुरा किती पातळ केला त्यावर ठरवता येतं.

चुरा सोडायला प्राण्याचा केस वापरतात. घोड्याच्या शेपटीचा चालतो. मांजरीची गळून पडलेली मिशी उत्तम, ती टोकाला निमुळती असते. हे ऐकून लोक हसतात, पण परदेशातल्या नामवंत प्रयोगशाळांतही मिशा जपून ठेवलेल्या असतात. हल्ली याच चुऱ्याचा थोडा अंश स्क्रीनच्या सगळ्या ९६ थेंबांत घालण्याची पद्धत रुळली आहे. पहिल्या फेरीत ज्या द्रावणाने काही दिलं नव्हतं तिथे या फेरीत चांगले स्फटिक मिळतात, हे मी वारंवार पाहिलं आहे. स्क्रीनवर खर्च करायचाच असेल तर इथे करा.

९. देखणेपणावर जाऊ नका.

१९३४ पूर्वी प्रथिनांचे स्फटिक क्ष-किरणांखाली धरले तर काही धड दिसत नसे, कारण ते वाळवून धरत. त्या वर्षी पेप्सिनचे मोठे स्फटिक स्वीडनमधल्या उप्सालाहून केंब्रिजला जे. डी. बर्नालकडे आले, त्यांच्या मूळ द्रावणात बुडालेले. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट, म्हणजे पुढच्या डोरोथी हॉजकिन, यांनी ते ओले ठेवूनच काचेच्या बारीक नळीत बंद केले आणि स्वच्छ ठिपके मिळाले. पाणी गेलं की रांग मोडते. आज नळीऐवजी नायलॉनच्या फासात स्फटिक उचलतो, ग्लिसरॉलसारख्या पदार्थात क्षणभर बुडवतो आणि द्रव नायट्रोजनमध्ये टाकतो. ग्लिसरॉल कमी पडला तर पाण्याचा बर्फ होतो आणि चित्रावर बर्फाची कडी येतात. जास्त झाला तर स्फटिकाला चिरा पडतात. किती घ्यायचा हे त्या-त्या स्फटिकालाच विचारावं लागतं.

काचेसारखा, धारदार कडांचा स्फटिक आठ अँगस्ट्रॉमपेक्षा बारीक तपशील दाखवत नाही आणि कोपऱ्यातला ओबडधोबड तुकडा दोनपर्यंत नेतो, असं सर्रास होतं. म्हणून जे जे आलं ते सगळं मशीनवर धरा. घरच्या मशीनवर क्षीण वाटलं तर इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हा प्रखर क्ष-किरण देणारा सिंक्रोट्रॉन आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिनांच्या स्फटिकांसाठी तिथे वेगळी बीमलाइन उभारली आहे. परदेशी धावण्याआधी तिथला अर्ज भरा.

१०. वही.

आता संगणक प्रथिनाची घडी बऱ्याच अंशी अचूक सांगतो, मग हा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. औषधाचा रेणू त्या घडीत नेमका कसा बसतो, कोणता पाण्याचा रेणू त्याला आडवा येतो, एन्झाइम काम करताना मधल्या पायरीवर काय धरून ठेवतं, हे पाहायला स्फटिक अजून लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये पेनिसिलीन व्ही अ‍ॅसायलेझची रचना दाखवली, तेव्हा एन्झाइमांच्या एका घराण्याचे नवे सभासद कळले. तेही स्फटिकांतूनच. शिवाय संगणक ज्यावर शिकला ती प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झाली आणि आज तिथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत. त्यांतल्या बहुतेक क्ष-किरणांनी मिळालेल्या.

त्या बँकेत फक्त जमलेलं असतं. जे थेंब निवळ राहिले, ज्यांत कातडी आली, त्यांची नोंद जगात कुठे असेल तर तुमच्या वहीत. म्हणून न जमलेलंही लिहा: पीएच, तापमान, प्रथिन किती दिवसांचं होतं, आणि पेगच्या बाटलीवरचा लॉट नंबर. पेग जुना होत जातो तसा त्याचा पीएच सरकतो आणि त्यात पेरॉक्साइड तयार होतात. नवी बाटली फोडल्यावर स्फटिक येईनासे झाले तर हा नंबरच तुम्हाला वाचवेल. तुम्ही डिग्री घेऊन निघून जाल, वही प्रयोगशाळेतच राहील. पुढच्या मुलीला वाचता येईल अशा अक्षरात लिहा.